कॉफीचे भांडे घेताना

मैत्रिणींनो, या सदराकडे मिक्सर, कुकर, ओव्हन यांच्या चौकशीची पत्रे नेहमीच येतात. या वेळी मात्र इंदिरानगरच्या एका भगिनीने जरा निराळा प्रश्न विचारला आहे. त्या लिहितात, "घरात आम्ही सहा माणसं. सासूबाईंना जायफळ घातलेली दुधाची कॉफी लागते, मामंजींना बिनसाखरेची, ह्यांना कडक आणि मुलीला फेसाची. प्रत्येकाची वेळ वेगळी. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत कॉफीचं पातेलं गॅसवरून उतरत नाही. आता लग्नाच्या वाढदिवसाला कॉफीचं यंत्र घेऊ या, असं हे म्हणतात. दुकानात आणि मोबाईलवर इतके प्रकार दिसतात की डोकं चक्रावतं. कोणतं घ्यावं?"

उत्तर आधीच सांगून टाकते, मग कारणे. दुधाची कॉफी पिणाऱ्या घराला साधा स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर पुरतो. तोही महागडा नको. त्याहून अधिक पैसे घालायचे असतील तर ते कशासाठी घालतो आहोत हे आधी पक्के करावे. नाहीतर कॉफीचे यंत्र सँडविच टोस्टरच्या आणि पास्ता यंत्राच्या शेजारी माळ्यावर जाऊन बसते. मग दर दिवाळीला आपणच ते पुसून परत ठेवायचे!

आपली कॉफी कोणती?

भांडे निवडण्यापूर्वी आपण कॉफी पितो कशी, ते बघू या. मराठी घरातली जुनी कॉफी म्हणजे दूध, पाणी, साखर आणि कॉफी पावडर एकत्र उकळायची, वरून जायफळ किसायचे, वेलची घालायची आणि गाळून कपात ओतायची. चहा रोजचा, कॉफी उपवासाची, पाहुण्यांची नाहीतर रात्री अभ्यास करणाऱ्या मुलांची. आपल्या आजी-पणजींच्या काळी मुंबई इलाख्यात पोलसनची कॉफी घरोघर माहीत होती. पोलसन म्हटले की आपल्याला लोणी आठवते, पण पेस्तनजी एडलजी या पारशी गृहस्थांनी लोण्याच्या आधी कॉफीचाच धंदा मांडला होता. त्या कॉफीत चिकोरी असे. चिकोरी म्हणजे एका झाडाचे मूळ, भाजून दळलेले. त्याने कॉफीला काळसर रंग आणि दाटपणा येतो, आणि ती स्वस्तही पडते.

पुढे इन्स्टंट कॉफी आली आणि काम सोपे झाले. चमचाभर पावडर, गरम दूध, साखर; गाळणे नको, चोथा नको. लग्नाच्या मांडवात फुस्स-फुस्स वाफ सोडणारे जे यंत्र असते आणि ज्याला आपण सगळे 'एस्प्रेसो' म्हणतो, त्यातही बहुधा इन्स्टंट पावडरच असते. यंत्राचे काम फक्त वाफेने दूध तापवून फेस आणण्याचे!

या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे: आपल्या कपात पाऊण भाग दूध असते. हीच गोष्ट खरेदीच्या वेळी विसरली जाते. बाहेरच्या देशांतली बरीचशी यंत्रे काळ्या कॉफीसाठी बनलेली आहेत. त्यातून निघते ती पातळ, चहाच्या रंगाची कॉफी. ती तशीच प्यायची असेल तर छान. पण तिच्यात आपले म्हशीचे साईचे दूध ओतले की ना रंग, ना वास. दुधाला पुरून उरेल असा दाट अर्क, म्हणजेच डिकॉक्शन, ज्या भांड्यातून निघतो ते आपले भांडे. ही एक कसोटी लावली की दुकानातले निम्मे प्रकार आपोआप गळतात.

एकेक भांडे पाहू

दाक्षिणात्य फिल्टर. एकावर एक बसणारी दोन डबडी. वरच्याच्या तळाला बारीक भोके, आत दांडीची एक चकती, वर झाकण. वरच्यात पावडर, तिच्यावर चकती, मग उकळीचे पाणी. अर्क थेंबथेंब खाली उतरतो. वीज नको, गॅससुद्धा फक्त पाण्यापुरता. मोडण्यासारखे काही नाही. मध्यम आकाराचा स्टीलचा फिल्टर साधारण पाचशे रुपयांच्या आसपास येतो. आपल्या भांडी बाजारात मिळेल. भोके डोळ्यांनी बघून घेता येतात, म्हणून शक्यतो हातात घेऊनच खरेदी करा. उजेडाकडे धरून पाहावे. भोके बारीक, सारखी आणि आरपार मोकळी हवीत. पितळी फिल्टर दिसायला देखणा, आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांचा नाशिकचा लौकिक पाहता मोह होणारच. पण कॉफी आंबटसर असते. पितळी भांड्याला आतून कल्हई हवी आणि ती झिजली की पुन्हा करून घ्यायला हवी. हे निभावणार असेल तरच पितळ घ्या.

आकाराबद्दल एक महत्त्वाचे. 'मोठा असला म्हणजे बरा' हा डब्यांचा नियम इथे चालत नाही. वरचे भांडे निदान निम्मे पावडरीने भरले पाहिजे. मोठ्या फिल्टरमध्ये दोनच चमचे पावडर टाकली तर पाणी सरळ खाली पळते आणि अर्क पातळ होतो. रोज चार कप लागत असतील तर चार कपांचाच घ्या. पाहुण्यांच्या दिवशी दोनदा लावता येतो.

मोका पॉट. हे इटलीचे भांडे, अल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ साली आणलेले. कंबर आवळलेल्या किटलीसारखे दिसते. खाली पाणी, मध्ये पावडर. गॅसवर ठेवले की वाफेच्या दाबाने पाणी पावडरीतून वर चढते आणि पाच-सात मिनिटांत दाट, कडक कॉफी तयार. दुधात चांगली लागते, म्हणून आपल्या कसोटीला हेही उतरते. कुकर वापरणाऱ्या बाईला त्याची भीती वाटायचे कारण नाही. त्यालाही रबरी रिंग असते, सुरक्षा झडप असते. पाणी झडपेच्या खाली ठेवायचे आणि पावडर दाबून ठासायची नाही, एवढेच पथ्य.

घेताना तीन गोष्टी पाहा. एक, त्यावर लिहिलेले 'कप' म्हणजे इवलेसे कप; तीन कपांच्या मोकात आपल्या दोन-तीन कप दुधाच्या कॉफीपुरता अर्क निघतो. दोन, अॅल्युमिनियमचा मोका इंडक्शन शेगडीवर चालत नाही, आणि लहान मोका आपल्या गॅसच्या मोठ्या कडीवर नीट टेकत नाही. वर ठेवायला छोटी जाळी लागते. तीन, अॅल्युमिनियमचे भांडे तारेच्या घासणीने घासायचे नाही. कामाच्या मावशी एका दिवसात त्याला लखलखीत करतील, आणि मग पुढचे चार दिवस कॉफीला धातूची चव येईल. ते आपल्या हातानेच कोमट पाण्याने विसळून कोरडे करावे.

प्रेस. काचेचे उभे भांडे, झाकणाला जाळीची दांडी. जाडसर पावडरीवर गरम पाणी ओतायचे, चार मिनिटे थांबायचे आणि जाळी खाली दाबायची. काळी कॉफी पिणाऱ्या एकट्या-दुकट्या माणसाला फार सोयीचे. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलांनाही चालेल. दुधासाठी मात्र पातळच पडते. शिवाय काच. ओट्यावर भांड्यांची ये-जा असलेल्या घरात ती किती दिवस टिकेल, हे ज्याचे त्याने ठरवावे. काच फुटली तर सुटी मिळेल का, हे घेतानाच विचारावे.

विजेचा ड्रिप कॉफीमेकर. पाणी तापवून ते गाळणीतल्या पावडरीवर सोडणारे यंत्र. या कागदी गाळणीचा शोध एका गृहिणीने लावला आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ. कॉफीत तोंडात येणारा चोथा आणि कडवटपणा यांना त्या कंटाळल्या होत्या. त्यांनी पितळेच्या भांड्याला खिळ्याने भोके पाडली, मुलाच्या वहीतला टिपकागद त्यात बसवला आणि वरून पाणी ओतले. १९०८ साली त्यांनी पेटंट घेतले, आणि नवरा नि मुले हाताशी धरून घरातूनच धंदा सुरू केला. ती कंपनी आजही आहे. स्वयंपाकघरातली कुरकुर ही अशी कामाला लावायची असते, बरं का!

पण शोध बाईचा असला तरी तो काळ्या कॉफीसाठी होता. दुधासाठी वापरायचा तर पावडर दुप्पट घालावी लागते. दीड ते चार हजारांचे यंत्र, कागदाचा कायमचा खर्च आणि ओट्यावर एक प्लग अडवलेला. खालच्या गरम तबकडीवर कॉफी तासभर राहिली तर करपट लागते. घरात चार-पाच माणसे काळी किंवा अगदी कमी दुधाची कॉफी पिणारी असतील तरच हे घ्यावे. घेताना तीन पिनांचा प्लग आहे ना आणि दुरुस्ती नाशकात होते ना, एवढी चौकशी जरूर करावी.

एस्प्रेसो यंत्र. पंपाच्या दाबावर चालणारे खरे यंत्र दहा हजारांच्या पुढे सुरू होते. त्याबरोबर चांगली दळणी हवी, रोजची साफसफाई हवी आणि हौस तर हवीच. घरात कोणाला ती हौस असेल तर आनंदाने घ्या, पण त्या हौशी माणसानेच ते धुवायचे, ही अट आधी घाला! कॅप्सूलचे यंत्रही त्यातलेच. काम सोपे, पण प्रत्येक कपाला वेगळी पुडी विकत आणायची, आणि तीसुद्धा त्याच यंत्राला बसणारी.

एक डिकॉक्शन, चार कॉफ्या

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या खऱ्या अडचणीकडे वळते. माझ्या मते त्यांना यंत्रापेक्षा सुटका हवी आहे. दर वेळी दूध, पाणी, पावडर उकळण्यापासून सुरुवात करायची म्हणून पातेले उतरत नाही. फिल्टरमध्ये अर्क आधीच तयार असतो, त्यामुळे ही सगळी धावपळ निम्म्यावर येते.

आमच्या द्वारकेला शेजारी एक कानडी काकू राहतात. ओझरचा विमान कारखाना १९६४ साली निघाला. काकूंचे यजमान पुढे बंगलोरहून बदली होऊन तिथे आले आणि निवृत्तीनंतर ही मंडळी नाशिकचीच झाली. मी त्यांना विचारले, "काकू, सकाळी तुम्हाला एवढा वेळ मिळतो कसा?" तर म्हणाल्या, "अगं, फिल्टर रात्री लावायचा आणि विसरून जायचं. सकाळी ज्याला उठायचं त्याने उठावं, दूध गरम करावं, मिसळून घ्यावं. कॉफी करायला मला कोण उठवतंय!"

सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवायला जाणारी बाई म्हणून सांगते, याहून शहाणपणाचे गृहविज्ञान मी पुस्तकात वाचलेले नाही. अर्क तयार असला की बाकीचे काम दहा वर्षांच्या मुलालाही जमते. सासूबाईंच्या कपात गरम दुधावर जायफळ किसा आणि मग अर्क घाला. मामंजींचा कप साखरेशिवाय. ह्यांच्या कपात अर्क अंमळ जास्त. मुलीसाठी दूध दोन भांड्यांत उंचावरून वरखाली करा, फेस आपोआप येतो. ते काम तर तिलाच द्या. चौघांच्या चार आवडी एकाच फिल्टरमध्ये बसतात.

फिल्टर लावण्याची रीत

चार कपांसाठी तीन-साडेतीन मोठे चमचे भरून पावडर घ्या, म्हणजे साधारण ३० ग्रॅम. ती वरच्या भांड्यात सारखी पसरा आणि चकतीने हलकेच दाबा. ठासू नका. पाणी उकळले की गॅस बंद करून क्षणभर थांबा. आपले नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच असल्याने पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. किंचित उतरले की कॉफीला अगदी बेताचे होते. आधी थोडे पाणी घालून पावडर भिजू द्या, अर्ध्या मिनिटाने उरलेले ओता. एकूण पाणी सव्वा ते दीड वाटी. झाकण ठेवा. वीस मिनिटांत बराचसा अर्क उतरतो; रात्री लावला तर सकाळी पूर्ण तयार. उन्हाळ्यात मात्र उतरलेला अर्क झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दिवसभरात संपवा.

अर्क कधीही उकळू नये. कडू होतो आणि वास उडतो. गार वाटला तर वाटी गरम पाण्यात ठेवावी. दूध उकळीचे गरम असले की अर्क वेगळा तापवावाच लागत नाही. एक भाग अर्काला तीन भाग दूध हे प्रमाण धरून सुरुवात करा.

थेंब पडत नसतील तर पावडर फार बारीक आहे, जास्त दाबली आहे किंवा भोके बुजली आहेत. बोअरच्या जड पाण्याने भोकांत क्षार बसतो. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात वरचे भांडे दहा मिनिटे उकळा. अडकलेला चोथा जाळण्यासाठी नुसते स्टीलचे भांडे चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर फिरवण्याचीही जुनी रीत आहे. उलट पाणी सर्रकन उतरत असेल तर पावडर जाड आहे किंवा कमी आहे.

पावडर घेताना

पाकिटाच्या मागे चिकोरीचे प्रमाण छापलेले असते. ते वाचल्याशिवाय पाकीट टोपलीत टाकू नका. कायद्याने मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी, म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी असू शकते. अशा पाकिटात तुम्ही कॉफीच्या नावाखाली निम्मे मूळ घेत असता. दुधाच्या कॉफीला ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी हे मिश्रण बहुतेकांना आवडते. चिकोरीने पाणी सावकाश उतरते, त्यामुळे अर्कही दाट येतो.

जाडी आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगते. फिल्टरला बारीक रव्यासारखी, मोकाला त्याहून अंमळ बारीक, ड्रिपला जाड रव्यासारखी आणि प्रेसला इडली रव्यासारखी. पिठीसाखरेइतकी बारीक यांपैकी कशालाच नको. फिल्टरमध्ये इन्स्टंट पावडर घालू नये, हेही सांगून ठेवते. ती सगळीच विरघळून खाली जाईल.

एका वेळी पाव किलोच आणा. कपाला आठ ग्रॅम धरले तर त्यात तीसएक कप होतात. पाकीट फोडले की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, मसाल्यांपासून दूर. कॉफी वास फार लवकर ओढून घेते. गोडा मसाल्याच्या शेजारी ठेवलेली कॉफी कोणाला आवडणार?

जरा प्रकृतीकडेही

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळावी, असे सांगितले आहे. चहा-कॉफीतल्या टॅनिनमुळे अन्नातले लोह शरीराला नीट मिळत नाही. आपल्या बायकांत रक्त कमी असण्याची तक्रार घरोघर आहे. मेथी, पालक, अळीव निवडून खायचे आणि वरून लगेच कॉफी प्यायची, म्हणजे एका हाताने घालून दुसऱ्या हाताने काढायचे. लोहाची गोळीही कॉफीबरोबर घेऊ नका.

दुसरे म्हणजे, दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन नको, असे त्याच तत्त्वांत आहे. दीडशे मिलिलिटर गाळीव कॉफीत ते ८० ते १२० मिलिग्रॅम असते, तर इन्स्टंटमध्ये ५० ते ६५. म्हणजे फिल्टर आणला की कपांची संख्या मोजायला हवी. दिवसाला दोन पुरे. गरोदर मैत्रिणींनी डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.

ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे त्यांच्यासाठी आणखी एक. पावडर टाकून उकळलेल्या आणि प्रेसच्या कॉफीत एक तेलकट घटक राहतो; त्याने कोलेस्टेरॉल वाढते. कागदी गाळणीत तो बराचसा अडकतो. घरात असे कोणी असेल तर त्यांच्यापुरती कागदी गाळणीची साधी शंकूच्या आकाराची वाटी आणावी. विजेचे यंत्र त्यासाठी लागत नाही. मेलिटाबाईंचेही मूळ भांडे बिनविजेचेच होते.

खरेदीला निघण्यापूर्वी

एका कागदावर चार प्रश्न लिहा आणि घरातल्यांना एकत्र बसवून उत्तरे घ्या. कॉफी दुधाची की काळी? दिवसाला एकूण कप किती? भांडे ठेवायला ओट्यावर जागा कुठे? आणि ते धुणार कोण? दुधाची आणि सहा कपांपर्यंत असेल तर फिल्टर. दोघांचीच आणि झटपट हवी असेल तर मोका. काळी आणि एकट्याची असेल तर प्रेस किंवा कागदी गाळणी. काळी आणि बऱ्याच जणांची असेल तर ड्रिप. शेवटच्या प्रश्नाला सगळ्यांनी तुमच्याकडे बोट दाखवले, तर सगळ्यात कमी सुटे भाग असलेले भांडे घ्या आणि यंत्राचे उरलेले पैसे स्वतःच्या नावावर जमा करा!

तुमच्या घरी कोणते भांडे आहे आणि ते किती वर्षे टिकले, ते जरूर कळवा. पुढच्या वेळी पावसाळ्यात डाळी, रवा आणि मसाले किडीपासून कसे सांभाळायचे, ते पाहू.